मदत हवी आहे : स्वस्तातला ग्राइंडर ठेवू की बदलू?

नमस्कार मंडळी. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेट, स्टँड, कुंड्यांचे रॅक अशी किरकोळ कामं करतो. सहा महिन्यांपूर्वी बाजारातून सर्वांत स्वस्त ४ इंची अँगल ग्राइंडर (लोखंड कापायचं-घासायचं हातमशीन) आणला. सुरुवातीला छान चालला. आता १० मिनिटांत बॉडी हाताला चटका बसेल इतकी तापते आणि मागच्या जाळीतून निळसर ठिणग्या दिसतात. उघडून पाहिलं तर एक कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा ब्रश) झिजून जेमतेम ५ मिमी उरलाय, दुसरा बरा आहे. असा एकच का झिजतो? दोन्ही बदलून भागेल, की आर्मेचरच (मोटरचा फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) गेलं समजायचं?

त्याहून मोठी काळजी स्विचची. तो सरकवून अडकवायचा आहे. परवा काम करताना लाईट गेली, मी मशीन तसंच टेबलावर ठेवलं. लाईट येताच ते आपोआप सुरू होऊन नाचत खाली पडलं. पोरगा शेजारीच उभा होता. काळजाचं पाणी झालं! तेव्हापासून लाईट गेली की आधी पिन काढतो.

म्हणून दाबून धरायच्या स्विचचा ५ इंची घ्यावासा वाटतो. पण माझ्याकडच्या ४ इंची चकत्यांचं भोक १६ मिमी, त्याचं २२ मिमी, म्हणजे सगळ्या वाया. ४ इंचीतच असा स्विच आणि घट्ट बसणारं गार्ड (चकतीवरचं संरक्षक झाकण) कुणी वापरलंय का? बजेट साडेतीन हजार. मुख्य काम एमएस (साध्या लोखंडाचे) अँगल आणि चौकोनी पाइप कापणं.