मदत हवी आहे: शेळ्यांच्या सुप्त स्तनदाहावर सध्या कोण काम करतंय?

बी.व्ही.एस्सी. झालं आहे, एम.व्ही.एस्सी.साठी विषय आणि गाईड शोधतोय. उस्मानाबादी शेळ्यांमधला सुप्त स्तनदाह (बाहेरून लक्षणं न दिसणारी कासेची सूज) आणि त्यातले जिवाणू प्रतिजैविकांना कितपत दाद देतात, यावर काम करायचं मनापासून ठरवलं आहे. लातूर-धाराशिव भागातले शेळीपालक ओळखीचे आहेत, नमुने मिळतील.

अडचण अशी की प्राध्यापकांच्या पानांवर आवडीच्या विषयात नुसतं 'स्तनदाह' लिहिलेलं असतं. बहुतेक काम गाई-म्हशींवरचं निघतं. कृषिकोशवर जुने प्रबंध चाळले, गूगल स्कॉलरवर नावं टाकून पाहिली, काहींना मेलही केले. पण प्रबंध झाला म्हणजे ते काम आज चालू आहे असं नाही. काही गाईड तर निवृत्तही झालेत.

शेळीत नेमकी मेख आहे. सीएमटीच्या (दुधात द्रावण मिसळून स्तनदाह ओळखायची कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट) पॅडलवर दोनच वाट्या लागतात, पण शेळीच्या निरोगी दुधातही पेशींसारखे कण जास्त असतात, त्यामुळे द्रावण थोडं घट्ट झालं की लगेच आजार म्हणता येत नाही. म्हणून कल्चर करणारी (दुधातले जिवाणू वाढवून ओळखणारी) प्रयोगशाळा हाताशी हवी.

उदगीर किंवा परभणी सोयीचं. शिरवळ, मुंबई, नागपूरलाही यायची तयारी आहे. राज्याबाहेर जमणार नाही.

मफसुच्या (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ) कुठल्या महाविद्यालयात सध्या शेळ्यांवर असं काम चालू आहे? आणि ते औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र की सार्वजनिक आरोग्य, नेमक्या कुठल्या विभागात?