मदत हवी आहे: हिरडी जाड करण्यासाठी पीआरएफ (रुग्णाच्याच रक्तापासून केलेलं फायब्रिन, म्हणजे गुठळीचं प्रथिन) की कोलॅजन मॅट्रिक्स (कोलॅजनचा तयार सच्छिद्र थर)?

नमस्कार मंडळी. माझ्या एका रुग्णाचा खालचा सुळा आणि शेजारची उपदाढ, दोन्हींवर हिरडी ३ मिमी उतरलेली. दातांमधलं हाड शाबूत आहे, पण हिरडी इतकी पातळ की प्रोब (हिरडी मोजायची बारीक सळई) आरपार दिसतो. टाळू पातळ असल्याने तिथून कलम घेता येत नाही.

पीआरएफसाठी १० मिलीच्या नळ्या, गोठणरोधक न घालता, सेंट्रिफ्यूजमध्ये (रक्त वेगाने फिरवणारं यंत्र) २७०० आरपीएमवर १२ मिनिटं. रक्त काढल्यावर लगेच फिरवलं नाही तर ते आधीच गोठू लागतं आणि चिमट्यात तुटणारा लिबलिबीत पडदा हाती येतो. शिवाय चांगला पडदाही एक-दोन आठवड्यांत विरतो, त्यामुळे जाडीसाठी माझा कल मॅट्रिक्सकडे आहे. (ते बहुतेक डुकराच्या कोलॅजनचं असतं, हे रुग्णाला आधी सांगायलाच हवं.)

अडचण अशी की मॅट्रिक्स दाबलं की ओल्या स्पंजासारखं चपटं होतं. त्यात ओठ आणि हिरडी यांमधली घडी उथळ, म्हणजे फ्लॅप (वर झाकण्यासाठी सोडवलेली हिरडी) खाली ओढला जाऊन ते उघडं पडण्याची भीती.

फ्लॅप इनॅमलच्या कडेपेक्षा १ मिमी वर शिवणं पुरेल का? मॅट्रिक्स रक्तात भिजवता की द्रव पीआरएफमध्ये? आणि दाब न देता ६-० (अतिशय बारीक) धाग्याने ते कसं स्थिर करता?