गंजाचे छाप घेतलेलं मांजरपाट गोधडीत टाक्यावरून फाटतंय

सुईदोरा: लालबाग-परळच्या बंद गिरण्यांवर सहा बाय चार फुटांची गोधडी चालू आहे. मांजरपाटावर गंजलेल्या पट्ट्या नि नट-बोल्ट ठेवून छाप घेतले. नुसतं व्हिनेगर, प्लास्टिकात गुंडाळून तीन दिवस, मग मिठाच्या पाण्यातून काढून वाळवलं. चार महिन्यांत गडद डागांवर धावदोरा ओढला की कापड चरकन फाटतं. फिकट भाग ठणठणीत. काही डाग पसरलेतही. हे वाचेल का? पुढच्या तुकड्यांना काय बदलू?

रंगारी गल्ली: घोटाळा मिठाचा. गंज थांबवायला मीठ, असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण मिठाने आम्ल मरत नाही. उलट ते दमट हवा ओढतं आणि कापडात अडकलेले लोखंडाचे कण गंजतच राहतात, म्हणून डाग पसरले. सुती धागा आम्लाने तुटतोच, त्यात लोह त्याची झीज आणखी वाढवतं. लोह जास्त तिथे झीज जास्त.

नव्या तुकड्यांसाठी आधी खळ (कोऱ्या कापडाची कांजी) काढा: किलोभर कापडाला 20-30 ग्रॅम धुण्याचा सोडा, तासभर उकळा. खळ राहिली तर छाप ठिपक्या-ठिपक्यांचा येतो. व्हिनेगर नि पाणी निम्मं-निम्मं. कापड ओलं हवं, निथळतं नको. प्लास्टिक सैल ठेवा, हवा लागल्याशिवाय नारिंगी रंग येत नाही. दर तीन-चार तासांनी उघडून बघा आणि 12 ते 24 तासांत थांबा. खळखळून धुवा, मग 5 लिटर पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा घालून 20 मिनिटं बुडवा, शेवटी साबण. वाळल्यावर मऊ ब्रशने खपल्या झटका. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा छापच देत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

जुनं लुगडं: झालेलं वाचवायचं तर तुकडा जाळीवर पसरून तेच सोड्याचं पाणी द्या. चोळू नका, पिळू नका. वाळला की कडेची पट्टी दोन्ही दिशांनी हलकेच ताणून पाहा. तग धरली तर मागे जुन्या मलमलीचं अस्तर लावा आणि छापाच्या बाहेरून टाका फिरवा. गडद डागातून सुई घालूच नका, प्रत्येक भोक म्हणजे पुढच्या फाटीची सुरुवात. तग नाही धरली तर वर बारीक जाळीचं कापड (नेट) ताणून ते खालच्या थराला टाचा. धावदोऱ्याचा भार गोधडीच्या खालच्या थरातल्या लुगड्यांवर यायला हवा, वरच्या छापावर नाही.

सुईदोरा: गिरणीच्या चिमणीचा भाग काळा हवाय. हिरडा चालेल?

रंगारी गल्ली: चालेल, कापडाच्या वजनाच्या 15 टक्के पूड, छापाआधी भिजवून वाळवायचं. लोह लागताच करडा-काळा रंग धरतो. पण त्या काळ्यानेही कापड कुजतं, तेव्हा जाड कापड घ्या नि वेळ निम्मा करा. चिमणी मोठी असेल तर सरळ काळं कापड लावा, हट्ट कशाला?

जुनं लुगडं: आणि छाप गिरणीच्या जागेवर जाऊन घेणार असाल तर परवानगी काढाच. जुन्या फाटकांच्या रंगात शिसं असू शकतं, खपल्या खरवडू नका, रंग गेलेलं लोखंड तेवढं वापरा. छपराचे फुटलेले सिमेंटचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात, त्यांवर कापड ठेवून ठसा उमटवायला कोळसा घासायचा मोह टाळा.