५ महिन्यांचं लॅब्राडॉर पिल्लू घ्यावं का? रविवारपर्यंत कळवायचंय

मितू
ब्रीडरकडे ५ महिन्यांचा लॅब्राडॉर नर आहे. त्या वेतातला हा एकटाच राहिलाय. सगळी इंजेक्शनं झालीत. आम्हाला ४५ दिवसांचं पिल्लू नकोच आहे. मोठं पिल्लू निवडताना काय बघायचं ते नेमकं सांगा. 'विकत नका घेऊ, दत्तक घ्या' हे कृपया नको.

शेपूटवाला
घरात कोण कोण? मुलं केवढी? दिवसभर घरी कोण असतं? आणि तो आतापर्यंत राहिला कुठे, घरात की पिंजऱ्यात? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

बाळासाहेब_सासवड
पुण्याच्या उन्हाळ्यात लॅब कशाला? कारवान घ्या. आपल्या हवेतलं कुत्रं, आखूड केस, काटक.

रेवा_क
बाळासाहेब, कारवान ससे पळवायला घडलेलं कुत्रं आहे. त्याला रोज मोकळं धावायला कुंपणाचं मैदान लागतं, पट्टा सुटला तर हाकेला थांबत नाही. विचारलंय काय, सांगताय काय!

मितू
तिसरा मजला, लिफ्ट आहे. मुलगी ६ वर्षांची, सासूबाई ७४. दिवसा त्याच घरी असतात. पिल्लू ब्रीडरच्या मागच्या शेडमध्ये, सिमेंटवर वाढलंय. आता तरी सांगा.

चिंतामणी
सोसायटीची एनओसी मागत बसू नका. कुत्रा पाळायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. लिफ्टही नाकारता येत नाही.

शेपूटवाला
चिंतामणी, तो प्रश्नच नाही इथे.

शेडमध्ये वाढलाय हीच मुख्य अडचण. पिल्लू ३ ते १४ आठवड्यांचं असताना जे बघतं-ऐकतं, ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. कुकरची शिट्टी, मिक्सर, लहान मुलाचं किंचाळणं, काठी टेकत चालणारं माणूस यातलं काही त्या काळात कानी-डोळी पडलं नसेल, तर ५ व्या महिन्यात तो दिसायला शांत वाटतो. पुष्कळदा ती शांतता नसते, भीतीने गोठलेला असतो.

म्हणून त्याला शेडबाहेर, अनोळखी जागी बघा. जमिनीवर त्याच्याकडे बाजू करून बसा, हाक मारू नका. दोन-तीन मिनिटांत स्वतःहून येऊन हुंगलं तर उत्तम. मग ५-६ फुटांवर किल्ल्यांचा जुडगा टाका. दचकेल, ते चालतं. अर्ध्या मिनिटात परत येऊन किल्ल्या हुंगतो का, ते महत्त्वाचं. शेपूट पोटाखाली घालून कोपऱ्यात गेला आणि खाऊ दाखवूनही हलला नाही, तर ६ वर्षांच्या मुलीच्या घरात नको. शेवटी पंजे, कान, तोंड हाताळा. मान ताठ करून डोळ्यांच्या कडा पांढऱ्या दाखवल्या तर तिथेच थांबा.

नंदू७१
५ महिने पडून राहिलेलं पिल्लू म्हणजे खोट असलेलंच. चांगली आधी जातात.

रेवा_क
नंदूकाका, असं सरसकट नसतं. कधी ब्रीडर प्रदर्शनासाठी एक ठेवतो आणि मग रंग किंवा दातांची ठेवण पटत नाही म्हणून विकतो. खोट तपासता येते. पुढचे सहा-सहा दात वर-खाली पक्के, मोठे आलेले हवेत. दुधाचेच असतील तर वय ५ महिने नाही. दोन्ही अंडकोष उतरलेले हवेत. पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकत्र टाकत असेल तर खुब्याचा एक्स-रे काढा, लॅबमध्ये तो दोष नेहमीचा. आई-बापाचे एक्स-रे आहेत का, तेही विचारा. हिरडी दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी झाली पाहिजे. बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा.

आणि मितू, 'सगळी इंजेक्शनं' म्हणजे काय? कार्डावरच्या तारखा टाका. घरात याआधी कुत्रं होतं का?

मितू
कार्डाप्रमाणे ७ व्या आणि १० व्या आठवड्यात नाइन-इन-वन (पार्व्होसकट बऱ्याच रोगांची एकत्र लस), १३ व्या आठवड्यात रेबीज. होतं ना, मागच्याच महिन्यात आमचं ५० दिवसांचं पिल्लू पार्व्होने, म्हणजे त्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या साथीने गेलं. म्हणून तर मोठं हवंय.

शेपूटवाला
अहो ताई, हे पहिल्या ओळीत हवं होतं! वाईट झालं फार. पण पार्व्होचा विषाणू घरात काही महिने, कधी वर्षभरही टिकतो आणि तुमच्या नव्या पिल्लाची लस अपुरी आहे. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असते तोवर ती लसीलाच निकामी करते, म्हणून शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर लागतो. याचा १० व्या आठवड्यातच संपलाय. आता एक डोस तिथेच द्यायला लावा, त्यानंतर दोन आठवडे थांबून मगच घरी आणा. डॉक्टरांनी पुढे आणखी एक सांगितला तर तोही द्या.

नंदू७१
रोज फिनाईलने पुसलं की झालं.

रेवा_क
नाही हो काका. फिनाईलने पार्व्हो मरत नाही, नुसता वास येतो. आधी साबणाने फरशी स्वच्छ धुवा, कारण घाण राहिली तर ब्लीच वाया जातं. मग १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी, फरशी १० मिनिटं ओली राहू द्या, नंतर धुवा. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. जुनी गादी, कापडी खेळणी, पट्टा टाकून द्या. कुंड्यांच्या मातीला ब्लीच लागू पडत नाही, त्या कुंड्या त्याच्या वाटेतून हलवा.

चिंतामणी
महापालिकेचा परवानाही काढा, त्याला रेबीजचं प्रमाणपत्र लागतं. आणि ५० दिवसांचं पिल्लू विकलं कोणी? कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ८ आठवड्यांच्या आत विकता येत नाही.

शेपूटवाला
हे मात्र कामाचं. मितू, शेडमधल्या पिल्लाबद्दल अजून एक. ते राहत्या जागीच शी-शू करायला शिकलेलं असतं आणि सिमेंटची सवय असते, त्यामुळे घरची फरशी त्याला संडासच वाटेल. ५ महिन्यांचं म्हणून सहा तास धरेल असं समजू नका. दोन महिन्यांच्या पिल्लासारखं वागवा: झोपून उठल्यावर, जेवल्यावर, खेळल्यावर लगेच खाली, एरवी दर दोन तासांनी. २० किलोचं पिल्लू दिवसातून सात-आठदा सासूबाई खाली नेणार का? या वयात दात येत असतात, तो ओढणार आणि चावणारही.

मितू
त्यांना नाही जमणार. मी आता ब्रीडरशी बोलले, उद्या डोस देतो म्हणाला. दोन आठवडे ठेवायचे ३,००० मागतोय. दुपारी खाली न्यायला माणूस शोधतेय.

रेवा_क
पैसे द्या, पण डोसचा बॅच नंबरचा स्टिकर आणि डॉक्टरांची नोंदणी क्रमांकासह सही कार्डावर बघूनच. त्या दोन आठवड्यांत तुम्ही दोघी-तिघी तिथे चार-पाचदा जा, मुलीलाही न्या. किल्ल्यांची चाचणी पहिल्याच भेटीत.

बाळासाहेब_सासवड
कारवान या वयात २० किलो भरत नाही, एवढंच सांगतो.