सिव्हिलायझेशन ६ (साम्राज्य उभारायचा संगणक गेम): दुसरं शहर कधी वसवायचं?

प्रश्न: नवीनच शिकतोय. राजधानीत आधी एखादं वंडर (भव्य खास वास्तू) उरकू म्हणतो, तोवर शेजारचा एआय (संगणक खेळवतो तो प्रतिस्पर्धी) माझ्या डोळ्यादेखत नदीकाठ बळकावतो. सेटलर (नवीन शहर वसवणारा) लगेच काढू का? तो काढला की शहराची लोकसंख्या १ने घटते म्हणून हात आखडतोय.

उत्तर: घटू दे की! ती पुन्हा वाढते, गेलेली जागा सहसा हाती लागत नाही. आधी स्काउट (टेहळ्या), स्लिंगर (गोफणवाला सैनिक), मग थेट सेटलर. लोकसंख्या २ झाल्याशिवाय तो निघतच नाही म्हणा. ‘अर्ली एम्पायर’ हे सिव्हिक (संस्कृतीतून मिळणारी प्रगती) मिळालं की ‘कॉलनायझेशन’ हे धोरणाचं कार्ड लाव, सेटलरसाठी उत्पादन ५० टक्के वाढतं.

दुसरं उत्तर: पाणीही बघ रे. गोड्या पाण्यालगत हाउसिंग (लोकांना राहायची जागा) ५, समुद्राकाठी ३, कोरड्यात फक्त २.

प्रश्नकर्ता: वंडर रद्द! सेटलरसोबत सैनिक हवाच का?

उत्तर: हवाच. नाहीतर बार्बेरियन (रानटी टोळ्या) सेटलरला आयता उचलून नेतात.