कार्ड फॉरमॅट केलं, १८६ फोटो गायब. परत मिळतील का?

खिडकीतली:
नमस्कार. डोकं ठिकाणावर नाही, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या. आजी ९१ वर्षांची, तिच्या मांडीवर तीन आठवड्यांची पणती. आजी एरवी कॅमेरा दिसला की तोंड फिरवते, त्या दिवशी चक्क हसली. मी दिवसभर फोटो काढले, सगळे जेपेग, ६४ जीबीच्या कार्डावर.

रात्री कार्ड लॅपटॉपला लावून फोटो 'सगळे फोटो' या फोल्डरमध्ये टाकले (हो, माझा एकच फोल्डर आहे, हसू नका). मधेच विंडोज म्हणालं, या नावाच्या फाइली आधीच आहेत. मला वाटलं तेच फोटो दुसऱ्यांदा कॉपी होतायत, म्हणून 'स्किप' दाबलं. मग कॅमेऱ्यात कार्ड फॉरमॅट केलं आणि दुसऱ्या दिवशी आणखी ११ फोटो काढले. आज बघते तर आयएमजी_९८७१ ते ९९९९ आहेत, पुढचं काहीच नाही. नवे ११ तर ०१८७ पासून सुरू होतायत. म्हणजे मधले १८६ गेले. काही करता येईल का?

चटकन_उत्तर:
कार्डावर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवून बघ. माझं एक कार्ड त्यानेच सुधारलं होतं.

जुनाफ्लॅश:
चेकडिस्क अजिबात नको! ते कार्डावर लिहितं, आणि आत्ता त्या कार्डावर एक बाइटही लिहिला जायला नको. ताई, आधी कार्ड बाहेर काढा आणि बाजूची लॉकची पट्टी खाली सरकवा.

झालं काय ते सांगतो. कॅमेऱ्याच्या फाइलनावात आकडा चारच अंकी असतो. ९९९९ झाले की गाडी पुन्हा ०००१ वर. तुमच्या त्या एकुलत्या एक फोल्डरमध्ये कॅमेरा नवा होता तेव्हाचे ०००१, ०००२ पडलेले असणार. आयएमजी_००१२ उघडून बघा, भलताच जुना फोटो निघेल. नाव तेच, फोटो वेगळा, आणि तुम्ही स्किप म्हणालात. 'रिप्लेस' दाबलं असतंत तर जुने गेले असते, तेव्हा त्यातल्या त्यात बरंच केलंत.

आता आशेची गोष्ट. साधं फॉरमॅट केलं की कॅमेरा कोणती फाइल कुठे आहे याची यादी तेवढी कोरी करतो. फोटो वर काही नवं लिहिलं जाईपर्यंत तसेच पडून असतात. (मेनूत 'लो लेव्हल फॉरमॅट'वर, म्हणजे यादीच नव्हे तर अख्खं कार्ड पुसणाऱ्या पर्यायावर, खूण नव्हती ना? ती असेल तर अवघड आहे.) आणि फॉरमॅटनंतर कॅमेरा साधारण कार्डाच्या सुरुवातीपासून लिहू लागतो. तुमचे नवे ११ बसले असतील ते ९८७१ च्या आसपासच्या फोटोंवर, म्हणजे लॅपटॉपवर सुखरूप असलेल्यांवरच! नशीब काढलंत.

फोटोरेक घ्या, गेलेल्या फाइली शोधून काढणारा प्रोग्राम, फुकट आहे. कॅमेरा केबलने जोडू नका, तसा तो ड्राइव्ह म्हणून दिसत नाही. कार्ड रीडर वापरा. मोकळी जागा नव्हे, पूर्ण कार्ड शोधायला सांगा, आणि निघालेल्या फाइली लॅपटॉपवर ठेवा, कार्डावर नाही. प्रत्येक जेपेग एफएफ डी८ एफएफ या तीन बाइटनी सुरू होतो. फोटोरेक कार्डभर अशा खुणा शोधत जातं, यादीकडे बघतच नाही. म्हणून मूळ नावं परत मिळत नाहीत. तारीख-वेळ मात्र फोटोच्या आत एक्झिफमध्ये (कॅमेरा फाइलीतच लिहून ठेवतो ती माहिती) असते, ती राहते.

खिडकीतली:
दादा, ००१२ उघडला. दारातल्या चपलांचा फोटो! कॅमेरा नवा होता तेव्हा मी दिसेल त्याचे फोटो काढत सुटले होते.

लो लेव्हलवर खूण नव्हती. फोटोरेक रात्रभर चालू ठेवलं. ७०६ फाइली निघाल्या, त्यात गेल्या वर्षीच्याही कितीतरी, एफ आणि पुढे लांबलचक आकडा अशा नावांच्या. 'घेतल्याची तारीख' लावून क्रमाने बघितल्या. आजीचा हसरा फोटो आहे!! १८१ अख्खे, दोन अर्धे राखाडी. म्हणजे १८३. उरलेले तीन कुठे गेले?

जुनाफ्लॅश:
काढता काढता कॅमेऱ्यातच काही डिलीट केले होते का? आकडा पुढेच जातो, मधले नंबर रिकामे राहतात. त्या मोकळ्या जागेत नंतरचा फोटो कधी कधी तुकड्यांत बसतो. फोटोरेकला सलग फाइल सहज जमते, तुकडे जुळवताना ते अडखळतं. ते दोन राखाडी बहुधा त्यातलेच.

आता 'सगळे फोटो' मोडा. दर वेळी तारखेचा नवा फोल्डर, २०२४-०३-१७ असा, वर्ष आधी, म्हणजे आपोआप ओळीने लागतात. जुन्या ढिगाला एक्झिफटूल लावा, ते फाइलीला आतल्या तारीख-वेळेचं नाव देतं. आणि कार्डावरचे आणि लॅपटॉपवरचे फोटो मोजून आकडा जुळल्याशिवाय, शिवाय दुसऱ्या डिस्कवर एक प्रत गेल्याशिवाय, फॉरमॅटला हात लावायचा नाही.

चटकन_उत्तर:
चेकडिस्कचं मागे घेतो. माझं कार्ड बहुतेक नशिबाने वाचलं.

खिडकीतली:
हो, तीन डिलीट केले होते, आत्ता आठवलं. आजीचे डोळे मिटलेले होते.