एप्रिलमधली पहिली बीअर: वॉर्ट (बीअरसाठी उकळलेला माल्टचा काढा) ३६ अंशांवर अडतोय, यीस्ट टाकू का?

तापीकाठ, जळगाव:
१० लिटर पेल एल (फिकट रंगाच्या बीअरचा प्रकार) करायचाय. यीस्ट सेफएल यूएस-०५, ११.५ ग्रॅमचं पाकीट. अडचण गार करण्याची आहे. पातेलं टबात ठेवलं तरी वॉर्ट ३६ च्या खाली उतरत नाही, कारण गच्चीवरच्या टाकीचं पाणीच तापलेलं असतं. एवढ्या गरम वॉर्टात यीस्ट मरेल का? अख्खं पाकीट टाकू की अर्धं? भिजवून की कोरडंच?

गोणपाट:
भाऊ, ३६ ला यीस्ट मरत नाही, उलट सुसाट सुटतं. आंबताना स्वतःचीही उष्णता निघते, त्यामुळे आतलं तापमान आणखी ३-४ अंश चढतं. दीड-दोन दिवसांत काम उरकतं, पण बीअरला थिनरसारखा वास येतो, घशाला जळजळ होते. जड अल्कोहोलची ही चव नंतर कितीही दिवस ठेवली तरी जात नाही. विरजणाला दूध कोमट लागतं, तो हिशेब इथे लावू नका. या यीस्टसाठी वॉर्ट १८ ते २२ वर आणा.

गार दोन टप्प्यांत करा. आधी टाकीच्या पाण्यात ठेवून ४० पर्यंत आणा, मग ते पाणी फेकून टबात बर्फ आणि मूठभर मीठ घाला. बर्फ सुरुवातीलाच घातला तर उकळत्या पातेल्याखाली तो फुकट जातो. वॉर्ट निर्जंतुक चमच्याने हलवत राहा, कडेचा गार होतो आणि मधला तसाच राहतो. बाजारचा बर्फ वॉर्टात कधीही टाकू नका.

गार झाल्यावर फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) उंचावरून ओता, झाकण लावून २-३ मिनिटं जोरात हलवा. यीस्टला वाढायला ऑक्सिजन लागतो, तो याच वेळी द्यायचा. नंतर हवा लागली की बीअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

१० लिटरला ५-६ ग्रॅम पुरे. उरलेलं पाकीट घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवा आणि ७ दिवसांत वापरा. हे यीस्ट कोरडंच पसरून टाकलं तरी चालतं, फक्त एका जागी ढीग नको, गुठळ्या होतात. पाकीट आणि कात्री दोन्ही आधी निर्जंतुक करा. उकळीनंतर वॉर्टाला लागणारी प्रत्येक वस्तू तशीच हवी.

पांझरा_धुळे:
यीस्ट २० वर टाकून फर्मेंटर ३८ च्या खोलीत ठेवला तर सगळी मेहनत वाया. पहिले ३ दिवस सांभाळा. फर्मेंटर घमेल्यात ठेवा, निम्म्यापर्यंत पाणी, भोवती ओलं गोणपाट, समोर पंखा. आपल्याकडची कोरडी हवा इथे फार उपयोगी पडते. सोबत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला. पावसाळ्यात हवा दमट झाली की गोणपाटाचा फायदा घटतो.

बर्फाची सोय नसेल तर यीस्टच बदला. लालब्रू व्हॉस हे नॉर्वेच्या क्वाइक जातीचं यीस्ट ३५-४० अंशांवरच उत्तम चालतं, थोडी संत्र्याची झाक देतं. बेकरीचं यीस्ट नको, ते नीट तळाशी बसत नाही आणि पावासारखा वास ठेवतं.

आणि सुरुवात करण्याआधीच हे पाहा: महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, घरच्यापुरतं असलं तरी. राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात विचारून घ्या.

तापीकाठ, जळगाव:
परवान्याचं आधी विचारतो. यीस्ट टाकल्यावर एअरलॉकमध्ये (झाकणावरची पाण्याची नळी, आतला गॅस बाहेर सोडते पण हवा आत येऊ देत नाही) बुडबुडेच आले नाहीत तर दुसरं पाकीट टाकायचं का?

गोणपाट:
घाई नको. १२ ते २४ तास शांतता असतेच, ४८ पर्यंत थांबा. बुडबुडे नसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे झाकणाची ढिली रबरी रिंग, गॅस तिथूनच निसटतो. बॅटरी मारून वॉर्टाच्या पातळीच्या वर पाहा. तपकिरी फेसाचं कडं दिसलं म्हणजे यीस्ट कामाला लागलंय.

खात्री हायड्रोमीटरनेच, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीने. घनतेची १.०४८ वरून सुरुवात असेल तर साधारण १.०१० ला थांबेल. ३ दिवसांच्या अंतराने दोनदा तोच आकडा आला तरच बाटल्या भरा, नाहीतर त्या फुटतात. आणि हायड्रोमीटर बहुधा २० अंशांसाठी आखलेला असतो. ३५ च्या नमुन्यात तो सुमारे ०.००४ कमी दाखवतो, म्हणून नमुना गार करूनच मोजा.